उपाशीपोटी निकाल

माझ्या ताईच्या सासरी वाईन बनते आणि त्या घरात वाईन कुणी पीत नाही. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. पण जेवणाच्या टेबलावर तिथे पाण्याचा जग असतो, बस्स. वाईन फक्त चाखायची, तीही सकाळी उजाडल्या उजाडल्या, तोंडात कण न घालता, शेडमध्ये उभ्याउभ्या. घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा आणि बादलीत थुंकायचा. ताईचा धाकटा दीर हे काम एवढ्या जोरात करतो की मी त्याचं नाव गुळण्या ठेवलंय. त्याला ते ठाऊक आहे. तो चिडतो, आणि म्हणूनच मी ते बदलत नाही.

हा नियम ताईच्या सासऱ्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांचं म्हणणं असं की पोटात अन्न गेलं की जीभ लाच खाल्लेल्या साक्षीदारासारखी वागते, कुणाच्याही बाजूने बोलते. म्हणून दर हिवाळ्यात, छाटणीच्या आधी, एका सकाळी आबा आणि त्यांचे दोन्ही मुलगे उपाशीपोटी शेडमध्ये जमतात, एकेका बागेची वाईन चाखतात आणि कुठली बाग ठेवायची, कुठली उपटायची ते ठरवतात. त्याला ते ‘निकाल’ म्हणतात. मत द्यायला अट एकच, तोंड कोरं हवं. बाई असो नाहीतर बाप्या, माझ्याकडे भेदभाव नाही, असं आबा सगळ्यांना अभिमानाने सांगतात.

ऐकायला किती छान! पण त्या घरात सगळ्यांच्या आधी उठून न्याहारी कोण करतं? ताई आणि तिची सासू. मीठ बरोबर पडलंय का हे बघायला चमचा जिभेला कोण लावतं? त्याच दोघी. मग कोरं तोंड कुणाचं, बिघडलेलं कुणाचं आणि मत कुणाला नाही? इतकी वर्षं लग्न होऊन ताईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फोनवर सांगितलं, आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुढ्यातल्या कढईतलं सगळं करपलं.

“छोटे, माझी बाग जातेय,” ती म्हणाली होती.

ताईची बाग म्हणजे टेकडीच्या अगदी वरचा तुकडा. त्याला सगळे माथा म्हणतात. ती लग्न होऊन आली तेव्हा आबांनी तो तिला दिला होता, “घे, हात बसायला बरा आहे,” असं म्हणून. खडकाळ जमीन, सदा वारा, ऊन उशिरा पोचणार आणि लवकर जाणार. द्राक्षं पिकायची ती सगळ्यांच्या शेवटी, आणि पिकून पिकून पिकणार तरी किती! पण ताईने त्या वेली जगवल्या. छाटणी तिची, बांधणी तिची, पाखरांसाठी जाळ्या लावणं तिचं. बाकीच्या बागा घराच्या. माथा तेवढा तिचा. त्याची वाईन फिकट, हिरवट झाक असलेली आणि आंबट. पहिल्या घोटाला एक डोळा आपोआप मिटतो, इतकी आंबट. सुट्टीच्या दिवशी पाहुणे वाईन चाखायला येतात तेव्हा ते माथ्याच्या वाईनपाशी येऊन तोंडं वाकडी करतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. आबांना ते लागतं. म्हणून यंदा माथा उपटून तिथे खालच्या बागेतलीच जात लावायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. निकाल रविवारी सकाळी होणार होता. निकालाचा निकाल आधीच लागल्यासारखा होता, कारण वेली उपटायच्या मशीनवाल्याला त्यांनी सोमवारी सकाळी बोलावूनही ठेवलं होतं.

“मग तू काय करणार?” मी विचारलं.

“मी काय करणार? माझं तोंड बिघडलेलं. माथा गेला की मी त्या घरात स्वयंपाकीण. दुसरं काही नाही.”

ताई रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून मी दुकान बंद केलं. माझी बाजाराच्या मागच्या गल्लीत छोटी खाणावळ आहे. शनिवारी ती कधी बंद नसते. मी दारावर ‘घरचं कार्य’ अशी पाटी लावली, मासेवालीकडून बोटाएवढे लहान मासे बर्फात घालून घेतले, लोणी, चीज, अळंबी, एक आख्खी कोंबडी, गाजरं, बटाटे असं सगळं गाडीत टाकलं आणि निघाले. वाईनमधलं मला फारसं काही कळत नाही. पण कशाबरोबर काय खावं हे कळतं, आणि त्यावरच माझं पोट चालतं.

पोचले तर आबा स्वतः गाडीपाशी आले. माझी पिशवी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. एवढ्या वयात टेकडी चढून उतरून माणूस काटक राहिलाय. दात शाबूत, बोटं द्राक्षाच्या रसाने काळवंडलेली. “आधी शेड बघ, मग बहिणीला भेट,” म्हणाले. शेड दगडी, आत गार, जमीन पाण्याने नुकती धुतलेली. एका बाजूला स्टीलच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला लाकडी पिंपं आडवी. प्रत्येक पिंपावरून ते हात फिरवत होते. मला त्यांनी खालच्या बागेची वाईन दिली. तळची म्हणतात तिला. मऊ, पिकल्या फळासारख्या वासाची, घशाखाली अलगद उतरणारी. मी ती गिळली म्हणून त्यांना जरा वाईट वाटलं, पण पाहुणी म्हणून बोलले नाहीत.

“आवडली?”

“आवडली,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? खरंच चांगली होती. आबा माणूस म्हणूनही चांगले आहेत. ते खडूस असते तर माझं काम सोपं झालं असतं.

मग त्यांनी माथ्याची दिली. माझा डोळा मिटला. आबांनी माझ्या मिटलेल्या डोळ्याकडे बोट दाखवलं.

दुपारी स्वयंपाकघरात मी ताईला कामाला जुंपलं. ताईची सासू, माई, खिडकीजवळ बटाटे सोलत बसल्या होत्या. माई कमी बोलतात. घरात इतकी माणसं बोलणारी असली की एकाला तरी गप्प बसावं लागतं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, तेवढंच मला त्यांचं लांबलचक वाक्य आठवतं. मी त्यांच्यापुढेही ग्लास ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला. “मला नको गं. अजून सगळं चिरायचंय.”

मी आधी गाजरं मधात परतली. मला वाटलं, आंबटाला गोड द्यावं, म्हणजे जमेल. ताईने गाजर खाल्लं, वर माथ्याचा घोट घेतला आणि तिचा चेहरा बघून मलाच हसू आलं. गोडाने वाईन आणखी आंबट झाली होती, बॅटरीतलं पाणी प्यावं तशी. ती सिंककडे धावली आणि थुंकली.

“थुंकतेस काय?”

“मग काय करू?”

“गीळ! प्यायची वस्तू आहे ती. देवाने घसा कशाला दिलाय?”

ताई थबकली. तिने स्वतः पिकवलेल्या द्राक्षांची वाईन तोपर्यंत एकदाही गिळलेली नव्हती. तिला कुणी मनाई केली नव्हती, फक्त त्या घरात तसं कुणी करत नाही. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

मऊ चीजबरोबर जरा बरं झालं. अळंबीबरोबर नाही, अळंबीची गाठ पडली ती त्यांच्या लाल वाईनशी, आणि ती जोडी अशी जमली की ताईने दोनदा घेतली. भाजलेल्या कोंबडीबरोबर तळची ठीक. पण माथा अजून कुणाच्याच घरात नांदायला तयार नव्हता. मग मी मासे काढले. पिठात घोळवले, कढत तेलात सोडले, कुरकुरीत झाले तसे काढून वर खडेमीठ चुरडलं. ताईने एक आख्खा मासा तोंडात टाकला, चावला आणि तेलकट ओठांनी माथ्याचा घोट घेतला. या वेळी गिळला.

 तिने दुसरा मासा उचलला. मग पुन्हा घोट घेतला. मग तिसरा मासा.

“अगं, बोल की!”

“तेल गेलं,” ती म्हणाली. “तोंडातलं तेल गेलं आणि माशाची चव राहिली. आंबट कुठे गेलं?”

आंबट कुठेही गेलं नव्हतं. ते आपलं काम करत होतं. मीही खाऊन पाहिलं. प्रत्येक घोटाला तोंड स्वच्छ व्हायचं आणि हात पुढच्या माशाकडे जायचा. मग मी मुद्दाम तळचीचा घोट घेतला. आबांची ती लाडकी, मऊ, गुणी वाईन माशापुढे पार फिकी पडली. जणू ग्लासात पाणीच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे लोक वर्षानुवर्षं रिकाम्या तोंडाने निकाल देत आलेत. रिकाम्या तोंडाला मऊच आवडणार. वाईन पिणारं गिऱ्हाईक मात्र घरी जाऊन ती जेवणाबरोबर पितं. परीक्षा एका विषयाची आणि नोकरी दुसऱ्याच कामाची, असा सगळा कारभार.

“उद्या सकाळी त्यांच्या ग्लासात अदलाबदल करू,” मी म्हणाले. “तळचीच्या जागी...”

“नाही.”

“अगं, ऐकून तर घे!”

“फसवून नको, छोटे. फसवून वाचली तर पुढच्या वर्षी मी तिच्याकडे बघू शकणार नाही.” ताईचा आवाज चढला नव्हता, पण तिचं हे रूप मला लहानपणापासून माहीत आहे. त्यापुढे आईचंही काही चालायचं नाही. खिडकीजवळ सुरी थांबली होती. माई ताईकडे बघत होत्या. मग त्या पुन्हा बटाट्याकडे वळल्या.

मग सरळच जायचं ठरलं. संध्याकाळी अंगणात आबा दोऱ्या गुंडाळत बसले होते, तिथे मी गेले.

“आबा, उद्याचा निकाल जेवणानंतर घ्या.”

“का?”

“तुमची वाईन विकत नेणारा माणूस ती सकाळी उठून उपाशी, उभा राहून, बादलीत थुंकतो का?”

आबा हसले. “पोरी, घोडा विकत घेताना खोगीर काढून बघतात. अन्न म्हणजे खोगीर. त्याखाली काय काय झाकलं जातं!”

“पण बसताना खोगीर घालूनच बसतात ना?”

“तुझ्याशी बोलायला वेळ काढून यायला हवं,” ते म्हणाले, पण त्यांचं हसू गेलं होतं. “माझ्या बापाने घालून दिलेला नियम आहे. त्या नियमानेच हे दिवस दाखवले. वाईन एकटी उभी राहिली पाहिजे. राहत नसेल, तर ती गेली.” पालथ्या घड्यावर पाणी. मी परत आले ती पाय आपटतच. पण हार मानून नाही. हरायला मी खाणावळ बंद करून आले नव्हते.

रविवारी सकाळी त्यांनी निकाल दिलाच. धुकं होतं. शेडचं दार उघडं होतं आणि ताई दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली, आत यायची परवानगी नसल्यासारखी. परवानगी नव्हती असं नाही, मत नव्हतं. मी तिच्या शेजारी उभी राहिले. आत आबा, गुळण्या आणि माझे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा. एकेक वाईन झाली. तळचीला तिघांनी मान डोलावली. लाल वाईनला डोलावली. माथ्यापाशी आल्यावर गुळण्या भरपूर खळखळाट करून थुंकला आणि म्हणाला, “जायला हवी.” आबा म्हणाले, “जायला हवी.” मग भावोजी. त्यांनी घोट बराच वेळ तोंडात ठेवला. दाराकडे बघितलं नाही. थुंकले आणि म्हणाले, “आंबट आहे. जायला हवी.”

मला वाटलं, तिथेच जाऊन ती बादली त्यांच्या डोक्यावर ओतावी. नवरा म्हणून एवढंही करता येऊ नये? मी ताईला तसं म्हणालेही, स्वयंपाकघरात परत येता येता.

“त्यांना आंबटच लागली,” ताई म्हणाली. “माझ्यासाठी खोटं बोलले असते तर मला जास्त लागलं असतं.” तिने कणकेचा गोळा ओट्यावर आपटला. आता मात्र तिचे डोळे भरले होते. “माथ्यावर पहिल्या वर्षी मी एकटीनं दगड उचललेत, छोटे. या हातांनी. उद्या ते मशीन येऊन...” पुढे तिला बोलवेना.

“उद्या अजून उजाडायचाय,” मी म्हणाले. “आज दुपारचं जेवण बाकी आहे. निकाल लागला म्हणून कुणी जेवायचं थांबतं का? टेबल मांड. बादली बाहेर ठेव. आणि पाण्याचा जग मला दे.”

मी जग उचलून कपाटात ठेवला आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिले.

दुपारी सगळे जेवायला बसले. मी पाहुणी आणि स्वयंपाक माझा, त्यामुळे सगळे जरा सावरून बसले होते. आबांनी टेबलावर नजर फिरवली. “पाणी?”

“नंतर. आज तुमच्याच घरची वाईन.”

“आम्ही जेवताना पीत नाही.”

“ठाऊक आहे. मीही कुणाच्या घरी जाऊन हट्ट करत नाही. पण आज मी तुमची पाहुणी आहे आणि मला तुमच्याबरोबर घ्यायचीय. निकाल तर सकाळीच लागलाय, आता जीभ बिघडली तर बिघडली!”

 पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. मी माशांचं ताट मध्ये ठेवलं, अजून चरचरत असलेलं, आणि पहिल्यांदा तळचीच ओतली. मला कुणी लबाड म्हणायला नको होतं. त्यांच्या लाडकीला पहिला मान.

“थुंकायचं नाही,” मी म्हणाले. “गिळायचं.” गुळण्या बादली शोधत होता तो थांबला आणि मूग गिळून बसला.

आबांनी मासा खाल्ला. त्यांना आवडला, कारण लगेच दुसरा घेतला. मग तळचीचा घोट घेतला. भुवया एकत्र आल्या. पुन्हा घोट. त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “पाणी घातलंस?”

मला राग यायला हवा होता, पण मला नेमकं हेच ऐकायचं होतं. “नवी बाटली तुम्हीच उघडा,” मी म्हणाले. त्यांनी स्वतः शेडमधून बाटली आणली, स्वतः बूच काढलं, स्वतः ओतली. मासा खाल्ला, घोट घेतला. मग बाटली मुलांकडे सरकवली. भावोजींनी घेतली, गुळण्याने घेतली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“आज हवा जड आहे,” गुळण्या म्हणाला.

“हो, तुझ्या डोक्यातली,” मी म्हणाले आणि सगळ्यांच्या दुसऱ्या ग्लासात माथ्याची ओतली. माईंच्याही. या वेळी माईंनी ग्लास बाजूला केला नाही. ताई उभीच होती, खुर्चीची पाठ घट्ट धरून. मी तिला हाताला धरून खाली बसवलं.

आबांनी मासा खाल्ला. माथ्याचा घोट घेतला. मी त्यांच्या घशाकडे बघत होते. घोट खाली गेला. त्यांचा डोळा मिटला नाही. त्यांचा हात ताटाकडे गेला. मासा. घोट. परत मासा. भावोजी तर जेवत सुटले होते. ताटाचा तळ दिसायला लागला तरी हात थांबत नव्हते, आणि माझी बाटली निम्मी झाली होती. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडले नाही, नवा घाणा तळून आणला.

भावोजींनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. “आबा, मी सकाळी चुकलो. मी मत बदलतो.”

“मत जेवून बदलत नाही,” आबा म्हणाले.

“पण तुम्हीच बघा ना...”

“बघितलं. जीभ मलाही आहे.” त्यांनी ग्लास दूर सारला. आवाज कोरडा होता. “पण निकाल लागलाय. आज एका बागेसाठी मोडला, तर उद्या प्रत्येक जण आपापल्या बागेसाठी मासे तळून आणेल. सकाळी तिघांनी सांगितलं. ती गेली.”

ताईने खुर्चीवर मान मागे टाकली. एवढं करून शेवटी हेच! माझ्या ओठांवर चार शब्द आले होते, आणि एकही पाहुणीने बोलण्यासारखा नव्हता. तेवढ्यात माईंनी आपला ग्लास खाली ठेवला. तो रिकामा होता.

“शेडमागची माझी बाग अशीच होती,” त्या म्हणाल्या.

ताईने माझ्याकडे बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. शेडमागे आता पाहुण्यांच्या गाड्या लागतात, फरशी घातलेली मोकळी जागा आहे. तिथे कधी वेली होत्या, हे त्या घरात कुणाच्या तोंडून आलं नव्हतं.

“ती आंबट होती,” आबा म्हणाले.

“हो. तुमच्या वडिलांनी सांगितलं, तुमच्या भावाने सांगितलं, तुम्ही सांगितलं. मी आत न्याहारी करत होते.”

“फार आंबट होती गं.”

“असेल.”

आबा ताटाकडे बघत राहिले.  मग आबांनी विचारलं, आणि त्यांचा तो आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता, विचारताना घाबरल्यासारखा :

“तुला कशी लागायची? म्हणजे, जेवताना?”

“मला काय माहीत?” माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “या घरात जेवताना कुणी प्यायलंय का कधी? मी आज पहिल्यांदा पितेय.”

त्या उठल्या आणि रिकाम्या ताटल्या गोळा करायला लागल्या. आबांनी त्यांचा हात धरून त्यांना परत बसवलं. सगळ्यांसमोर. भावोजी नंतर मला म्हणाले, आबांनी आईचा हात धरलेला त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितला. आबा माईंकडे वळले. 

“मी तेव्हा खोटं बोललो नव्हतो.”

“कुणी म्हटलंय तसं?” माई म्हणाल्या. “पण बाग गेली ना.”

आबांनी खिशातून फोन काढला. चष्मा नव्हता, म्हणून नंबर शोधताना वेळ लागला, आणि कुणीही त्यांना मदत करायला पुढे झालं नाही. शेवटी लागला. मशीनवाल्याचा आवाज एवढा मोठा की टेबलावर सगळ्यांना ऐकू येत होता.

“उद्या येऊ नकोस,” आबा म्हणाले.

“का हो आबा? मशीन गाडीवर चढवून ठेवलंय मी. मग कधी येऊ?”

आबा थांबले.  दोन शब्दांचा प्रश्न होता. ‘पुढच्या वर्षी’ म्हणाले असते तरी त्यांचा नियम अर्धा वाचला असता. त्यांनी फोन कानापासून काढला आणि टेबलावरून ताईपुढे धरला.

“मला काय विचारतोस?” ते फोनकडे बघून मोठ्याने म्हणाले. “बाग माझ्या सुनेची आहे. तिला विचार.”

ताईचे हात माशाच्या तेलाने माखले होते. तिने ते पुसलेही नाहीत. फोन घेतला, कानाला लावला आणि एकदा माईंकडे बघितलं.

“येऊच नका,” ती म्हणाली.